मुका पॅड आणि उरणची हळद

रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली 'ऑक्टोपॅड' नावाची एक पेटी बाजारात आणली. वर रबराचे आठ चौकोन, मागे वायरी जोडायच्या जागा. मॉडेलचं नाव पॅड-८. ती घरी आणून, वीज जोडून, काठीने कितीही जोरात बडवली तरी ऐकू यायचा तो रबरावर काठी आपटल्याचा आवाज. कारण तिच्यात एकही आवाज भरलेला नव्हता. कुठल्या चौकोनावर मारलं आणि किती जोरात मारलं, एवढंच ती वायरीतून दुसऱ्या यंत्राला कळवायची. ढोल, झांज, घंटा जे काय वाजायचं ते त्या दुसऱ्या यंत्रात. पॅड स्वतः मुका.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. न्हावा, गव्हाण, जासई, सोनारी, जसखार, करंजा या न्हावा शेवा बंदराभोवतीच्या आगरी-कोळी गावांत लग्नसराईत हळदीला गेलं, की मांडवाच्या कडेला लोखंडी स्टँडवर तेच आठ चौकोन दिसतात. कंपनी कुठलीही असो, नाव ऑक्टोपॅडच, आणि वाजवणारा 'पॅडवाला'. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोव्याचा किनारा, लेझरचे झोत आणि कानाला हेडफोन लावलेला डीजे येतो. कांदोळीच्या किनाऱ्यावर २००७ साली सुरू झालेल्या सनबर्न महोत्सवावर वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं छापली. पण हाताने चालवायचं यंत्र, त्यामागे साठवलेले आवाज आणि समोर नाचणारी माणसं हा खेळ महाराष्ट्रात वर्षानुवर्षं, गावोगाव, रोजीरोटी म्हणून जर कोणी खेळत असेल, तर तो हळदीतला आणि मिरवणुकीतला पॅडवाला. त्याला कोणी इलेक्ट्रॉनिक संगीतकार म्हणत नाही. तोही तसं म्हणवून घेत नाही.

हळद इथे पहिल्यापासून एवढी दणदणीत नव्हती. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असायची. धवले गाणारी, विधी सांगणारी, पूर्वी ब्राह्मणाच्या जागी लग्नही लावणारी बाई. तिच्या हातात वाद्य नसायचं. तिचा गळा आणि मागून ओढणाऱ्या बायका, एवढ्यावर रात्र सरायची. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत मिठागरं आणि भातशेतं नवं शहर वसवणारी सिडको आणि बंदर यांच्यासाठी जाऊ लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाची तरतूद मिळाली. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जुन्या शेव्यातल्या कोळ्यांचं बिऱ्हाड उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात गेलं. जमीन गेली, हातात रोख रक्कम आली, पुढे भूखंडांना भाव आला. हळदीचा मांडव मोठा व्हायला तिथून सुरुवात झाली असं मानायला जागा आहे. समाजशास्त्रज्ञ याला काय म्हणतील ते म्हणोत. जमीन गेलेल्या माणसाला चार लोकांत आपण अजून आहोत हे दाखवायला मांडवाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

मांडवात आधी आला बेंजो. त्याची कुळकथा मजेशीर आहे. जपानमध्ये तैशो कालखंड सुरू झाला त्याच वर्षी, १९१२ साली, नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरच्या कळांवरून सुचलेलं एक तंतुवाद्य बनवलं. कळ दाबली की तार त्या जागी दाबली जाते, दुसऱ्या हाताने ती छेडायची. हे तैशोगोतो समुद्रमार्गे हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि मुंबई-कोकणात त्याला विजेचं पिकअप लावून लोकांनी त्याचा बेंजो केला. अमेरिकी बँजोशी त्याचं नावापलीकडे नातं नाही. रवी जाधव यांचा रितेश देशमुख असलेला 'बँजो' हा २०१६ चा हिंदी चित्रपट बेंजो वाजवणाऱ्या वादकांच्या गटांवर, म्हणजे 'पार्ट्यां'वर, होता. बेंजोचा कर्कश, रडवेला, दूरवर जाणारा स्वर गणपतीच्या मिरवणुकीत आणि कोळीगीतांत असा बसला, की तो परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही.

बेंजोच्या मागोमाग कीबोर्ड आला आणि कीबोर्डच्या शेजारी ऑक्टोपॅड. पार्टीला पूर्वी ढोल, ताशा, टिमकी, झांज, कोंगो वाजवायला पाच-सहा माणसं लागायची. त्यांचं मानधन, त्यांचं जेवण, त्यांच्यासाठी टेम्पोत जागा. पॅडवाल्याने ती सगळी वाद्यं एका स्टँडवर आणली. अर्थशास्त्र एवढं सरळ होतं की सौंदर्यशास्त्राला मध्ये बोलायला फारशी फट उरली नाही.

या सगळ्याच्या पोटात जी युक्ती आहे, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथे वाद्य-व्यापाऱ्यांच्या मेळ्यात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे दोन सिंथेसायझर वायरीने जोडून दाखवले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसराही वाजला. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकारातून ठरलेल्या त्या भाषेचं नाव मिडी. काकेहाशींनी १९७२ मध्ये ओसाकात रोलँड स्थापन केली होती. पुढे २०१३ मध्ये दोघांना मिडीसाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. पॅडवर एक फटका पडला की तीन आकडे निघतात. समजा १५३, ३८, १००. पहिला आकडा सांगतो की दहाव्या वाहिनीवर एक स्वर सुरू करायचा आहे. दहावी वाहिनी बहुतेक यंत्रं तालवाद्यांसाठी राखून ठेवतात. दुसरा सांगतो कुठला. ३८ म्हणजे रूढ मांडणीत स्नेअर ड्रम. तिसरा सांगतो जोर, १ ते १२७ च्या मोजपट्टीवर. मूळ मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच, म्हणजे तीन आकड्यांच्या निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आजच्या इंटरनेटच्या मानाने ही बैलगाडी झाली. पण बोट आणि कान यांच्यामधलं अंतर कापायला ती पुरली, आणि चार दशकांनंतरही पुरते आहे. मिडी २.० हा नवा अवतार २०२० मध्ये आला तरी जुन्याची वायर कोणी कापलेली नाही.

हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही फाळणी एकदा झाली की हाताखाली काय ठेवायचं याला बंधन उरत नाही. पट्ट्या ठेवा, रबर ठेवा, बटणं, चाकं, सरकत्या खुंट्या काहीही ठेवा. जगात पुढची वीस-तीस वर्षं या हाताखालच्या वस्तूंवरच खल झाला.

मुंबईला ही यंत्रं तशी नवी नव्हती. चित्रपटसंगीतातले नामवंत वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच मिनीमूग सिंथेसायझर इथल्या स्टुडिओंत आणला होता. आणि मिडी यायच्या वर्षभर आधी, १९८२ मध्ये, चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. भैरव, ललत, यमन, मालकंस, कलावती असे राग, आणि वाद्यं म्हणून रोलँडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे ड्रम-यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडच्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली. शिकागोत ज्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताचा जन्म ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर झाला असं मानतात, त्याच्यासारखं काहीतरी एक मुंबईकर लग्न-समारंभातला वादक आधीच करून बसला होता. सिंग सत्तरी ओलांडल्यावर युरोपात जाऊन ते राग रंगमंचावर वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले. या कथेत सगळे त्यांच्या 'आधी'पणाचं कौतुक करतात. ते लग्नांत आणि पार्ट्यांत वाजवणारे वादक होते, हा तपशील मात्र घाईत वाचला जातो. खरं म्हणजे तोच महत्त्वाचा. नवं यंत्र नीट शिकायची गरज आपल्याकडे प्रयोगशाळेपेक्षा मांडवातल्या माणसाला जास्त होती.

जगाच्या बाजारात २००१ हे साल वळणाचं ठरलं. बर्लिनच्या अ‍ॅबल्टन कंपनीने 'लाइव्ह' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. त्यापूर्वीची संगीताची सॉफ्टवेअरं मुख्यतः ध्वनिमुद्रणासाठी होती. आधी मुद्रित करा, मग कापाकापी करा. 'लाइव्ह'मध्ये आवाजाचे तुकडे एका जाळीत मांडून, हवा तो हवा तेव्हा, ठेक्यात सोडता येऊ लागला. ठेक्याचा वेग बदलला तरी तुकडा त्याच्याशी जुळवून घेऊ लागला. पण मंचावर माऊस हलवणारा माणूस आणि बँकेत पासबुक भरणारा माणूस प्रेक्षकांना सारखेच दिसतात. त्यामुळे त्या जाळीसाठी खास पेट्या आल्या. मोनोम नावाचा साधा बटणांचा चौकट-फलक, २००९ मध्ये अकाईचा एपीसी-४० आणि नोव्हेशनचा लाँचपॅड, २०१३ मध्ये खुद्द अ‍ॅबल्टनचा पुश. या सगळ्यांत आवाज नव्हता. पॅड-८ सारखेच सगळे मुके. फरक एवढाच की आता वायरीच्या दुसऱ्या टोकाला सिंथेसायझर नसून लॅपटॉप होता.

मग उरणच्या मांडवात लॅपटॉप का आला नाही? आला, पण डीजेच्या टेबलावर. वादकाच्या स्टँडपाशी तो फार काळ टिकला नाही, आणि त्याची कारणं ऐकली की पटतात.

पहिलं कारण उशीर. काठी पॅडवर पडते, निरोप लॅपटॉपमध्ये जातो, सॉफ्टवेअर आवाज शोधतं, आणि तो तुकड्यातुकड्याने साउंडकार्डकडे पाठवतं. हा तुकडा, ज्याला बफर म्हणतात, ५१२ नमुन्यांचा असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तिथेच साडेअकरा मिलिसेकंद जातात. हवेत आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे वादकाला आपलाच फटका चार मीटरवरून कोणीतरी मारल्यासारखा ऐकू येतो. पियानोचे लांब स्वर वाजवताना हे खपून जाईल. कोळी ठेक्यातल्या दुगुनीला नाही. हात मागे रेलतो आणि सगळा ठेका जड होतो. बफर १२८ वर आणला तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण मग जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात कडकड सुरू होते. चांगलं ऑडिओ इंटरफेस आणि ताकदवान लॅपटॉप घेतला की प्रश्न मिटतो. तेवढ्या पैशांत एक अख्खा ऑक्टोपॅड येतो.

दुसरं कारण जागा. मे महिन्यातली हळद म्हणजे उकाडा, घाम, फटाक्यांचा धूर, उधळलेली हळद आणि खाडीचं खारं वारं. वीज जनरेटरची, अर्थिंग धड नसलं की लॅपटॉपच्या चार्जरमधून स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. नाचताना कोणाचा तरी धक्का लागतो आणि यूएसबीची वायर निसटते. रंगात आलेल्या मांडवात यंत्र परत सुरू होईपर्यंतचं मिनिट हे फार लांब मिनिट असतं. ऑक्टोपॅड मात्र विजेचं बटण दाबताच काही क्षणांत तयार. त्याला ना अपडेट येतो, ना मध्येच कोणाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल.

म्हणून इथे उलटं घडलं. बाहेर हातातलं यंत्र सॉफ्टवेअरकडे गेलं. इथे सॉफ्टवेअर यंत्राच्या पोटात शिरलं. पॅड-८ मुका होता, पण रोलँडच्या नंतरच्या एसपीडी मालिकेत आवाज आत आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये सातशे आवाज आणि नव्याण्णव पॅच, म्हणजे पॅडवर मांडलेले आवाजांचे संच, होते. तबला होता, कोंगा होता, घंटा होत्या. बाकीचं जग नव्या मॉडेलांकडे वळल्यावरही भारतीय वादकांनी एसपीडी-२० ला सोडलं नाही. ते जुनं यंत्र ऑर्केस्ट्रांत, जागरणांत आणि हळदीत इतकं चाललं, की कंपनीने पुढे त्याचाच एसपीडी-२० प्रो नावाचा नवा अवतार काढला. दरम्यान एसपीडी-एसएक्स आला, ज्यात वादक स्वतःचे आवाज भरू शकतो. नऊ पॅड, यूएसबीची सोय. घरी लॅपटॉपवर आवाज कापायचा, घासूनपुसून साफ करायचा, पेन ड्राइव्हवर घ्यायचा, पॅडमध्ये भरायचा आणि लॅपटॉप घरीच ठेवून निघायचं.

या 'भरण्या'चं एक छोटं अर्थकारण आहे. कोणी ढोलकीचा पॅच बनवतो, कोणी संबळाचा, कोणी कच्छी ढोलाचा. ते यूट्यूबवर वाजवून दाखवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो. नव्या पिढीचा वादक वाद्य शिकायच्या आधी पॅच जमवतो. याची वाईट बाजू उघड आहे. पालघरच्या टोकापासून अलिबागपर्यंत तोच एक संबळ तोच एक फटका मारताना ऐकू येतो, कारण मूळ नमुना एकच. पण जो वादक स्वतः कापतो, त्याचं काम कान देऊन ऐकावं. ताशाचा एकच फटका पुन्हा पुन्हा वाजला की यांत्रिक वाटतो, म्हणून तो एकाच पॅडवर हलका, मध्यम, जोरकस असे वेगवेगळे फटके थर लावून ठेवतो आणि जोराच्या आकड्यावरून कुठला वाजेल ते ठरवतो. उघड्या झांजेवर बंद झांज मारली की उघडी गप्प बसली पाहिजे. नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंतून नुसती पत्र्याची खणखण होते. मग हात कुठे पडतो याचा विचार. सगळ्यांत जास्त लागणारे दोन बोल उजव्या-डाव्या काठीच्या सहज टप्प्यात खालच्या ओळीत, घुमणारा बेस पायाच्या पेडलवर, आणि 'आयला!' किंवा शिट्टी असले आचरट आवाज वरच्या कोपऱ्यात, जिथे चुकून काठी जाणार नाही. ही मांडणी प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याच्या पॅडवर चांगला वादकही पहिली पाच मिनिटं अडखळतो.

एवढं करूनही एक गोष्ट रबराला जमत नाही: ढोलकीची घुमकी. ढोलकीवाला डाव्या पुडीवर थाप मारून तळहात पुढे सरकवतो, कातड्यावरचा दाब बदलतो, आणि स्वर गुंगत वर चढतो. लावणी जिवंत होते ती त्या चढणीवर. पॅडला फटका कळतो. फटक्यानंतर हात काय करतो ते त्याला दिसत नाही. मुद्रित केलेली घुमकी वाजवता येते, पण ती दर वेळी तेवढीच चढते आणि तेवढ्याच वेळात. म्हणून ज्या पार्टीला परवडतं ती पॅडच्या शेजारी खरी ढोलकी ठेवते. निलेश परब यांच्यासारखे वादक दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांतून घरोघरी पोचले तेही ढोलकीवरच्या हाताने, शेजारी सगळी इलेक्ट्रॉनिक सामग्री असताना.

वाद्याच्या बनावटीला न जमणाऱ्या स्वरांचा हा वाद आपल्याकडे जुना आहे. पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं चालली. त्या काळात पेटी महाराष्ट्रातून काही गेली नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी पट्ट्यांवरच असा भास उभा केला की ऐकणारा मींड नाही हे विसरला. आता यंत्र बनवणारे उलट दिशेने निघालेत. रोलीचा सीबोर्ड किंवा हाकेनचा कंटिन्युअम या वाद्यांवर मऊ पृष्ठभागावर बोट सरकवलं, दाबलं, हलवलं तर प्रत्येक बोटाची हालचाल वेगळी मोजली जाते. मिडीत त्यासाठीची वेगळी पद्धत २०१८ मध्ये प्रमाण झाली. ए. आर. रहमान ही दोन्ही वाद्यं वापरतात. उरणच्या मांडवात ती पोचायला किंमत उतरावी लागेल. कीबोर्डच्या बाबतीत तसं झालं आहे: भारतीय वाद्यांचे आवाज आणि ठेके भरलेली यामाहाची मॉडेलं आली, आणि यामाहाचा कारखाना चेन्नईजवळ उभा राहिला.

पॅडवाल्याचा खरा प्रतिस्पर्धी मात्र वाद्य नाही, डीजे आहे. व्हर्च्युअल डीजेसारखं सॉफ्टवेअर, त्याला जोडलेला दोन चाकांचा कंट्रोलर आणि मागे स्पीकरची भिंत. दोन गाण्यांचे ठेके जुळवायचं कसब पूर्वी वर्षभर हात भाजून यायचं. आता 'सिंक'चं बटण आहे. संतोष चौधरी ऊर्फ दादूस यांच्यासारख्या आगरी गायकांची हळदीची गाणी मूळ पार्टीसह जितकी वाजतात, तितकीच डीजेच्या रिमिक्समधून. यात आपलं काही वाया जातं असं म्हणायची सोपी सोय आहे, पण दुसरी बाजूही दिसते. न्यूक्लिया या नावाने वाजवणाऱ्या उद्यन सागर यांनी २०१५ चा आपला 'बास रानी' हा अल्बम मुंबईच्या गणेश विसर्जनात लोकांपुढे आणला. मिरवणुकीच्या ट्रकवरचा दणका त्यांना क्लबपेक्षा जवळचा वाटला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि ते मराठी न कळणाऱ्यांच्या पायातही शिरलं.

डीजेला लगाम घातला तो कायद्याने. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सप्टेंबर २०१८ मध्ये गणपती विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजे आणि डॉल्बीला परवानगी द्यायला नकार दिला. तेव्हापासून दहा वाजले की स्पीकर बंद आणि ढोलकी सुरू असा मध्यममार्ग अनेक मांडव काढतात. नियम वाचला तर तोही मार्ग तितकासा मोकळा नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत नुसता लाउडस्पीकर नाही, वाद्यंही येतात. पण ढोलकी थांबवायला सहसा कोणी येत नाही, आणि शेजारच्या आजोबांचीही झोप स्पीकरच्या बेसने उडते तशी ढोलकीने उडत नाही. विजेशिवाय न वाजणाऱ्या पॅडवाल्याची मात्र दहानंतर सुट्टी. स्पीकरची भिंत उतरली तर त्याच्या पोटावर पाय येतो, आणि भिंत वाढली तर डीजे त्याची जागा खातो. तो मधल्या मध्ये.

ज्या बंदराच्या सावलीत हे सगळं चालतं, त्याने २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीसफुटी कंटेनरच्या मापाने तेवढी उलाढाल केली. परदेशी वाद्यांच्या खोक्यांनाही हा दरवाजा लागतो. जवाहरलाल नेहरू सीमाशुल्क भवनात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, आणि मुक्या कंट्रोलरची गंमत तिथे कळते. सीमाशुल्काच्या ९२ व्या प्रकरणात वाद्यं येतात. त्यातल्या ९२०७ या शीर्षकाखाली अशी वाद्यं, ज्यांचा ध्वनी विजेने निर्माण होतो किंवा विजेने वाढवावा लागतो. आता जी पेटी ध्वनी निर्माणही करत नाही आणि वाढवतही नाही, नुसते आकडे पाठवते, ती वाद्य की संगणकाची जोडवस्तू? संगणकाचे कीबोर्ड ८४७१ खाली येतात. दिसायला पियानो, वागायला टंकलेखन. तैशोगोतो बनवणाऱ्या मोरितांना या घोळाचं हसू आलं असतं. २०१२ च्या सरकारी आदेशाने २०० वॅट आणि त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक संगीत-यंत्रणांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची केली. यंत्रात ब्लूटूथ असेल तर बिनतारी विभागाची मान्यता वेगळी. मांडवातल्या पॅडवाल्याला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. धोबी तलावच्या किंवा वांद्रे-खारच्या दुकानात त्याला फक्त किंमत सांगितली जाते, आणि तो जुन्या बाजारात सेकंडहँड पाहायला जातो. सेकंडहँड पॅड घेताना तो आधी कोपऱ्यातले चौकोन बोटाने वाजवून पाहतो. मधले सगळेच तपासतात, रबर मरतं ते बहुधा कडेला.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडी ते न्हावा शेवा हे २१.८ किलोमीटर वीस मिनिटांत होतात. लालबाग-परळच्या पार्ट्या उरणची सुपारी आता सहज घेतात आणि उरणच्या पार्ट्या मुंबईतली. फक्त तीनचाकी टेम्पोला त्या पुलावर बंदी आहे, तेव्हा ज्यांचं सामान अजून तीनचाकीत जातं त्यांना वाशीचा जुना फेरा. तुळशीचं लग्न लागलं की हळदींच्या तारखा सुरू होतात. त्याआधी बेंजोच्या तारा बदलून होतात. यंदा कुठलं गाणं लग्नात चालणार याचा अंदाज बांधून पॅडवाले नवे आवाज कापत बसतात, आणि मागच्या वर्षीचे आवाज कोणते पुसायचे यावर घरात एकमत होत नाही.